नाव एक, रकाने तीन

मनमाडच्या बाजारात ‘शेख सलीम शेख युसूफ’ अशी पाटी दिसली तर कोणी गोंधळत नाही. सलीम दुकानदाराचे नाव, युसूफ वडिलांचे आणि शेख घराण्याचे, हे सर्वांस ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. त्याच्यापुढे पुष्कळदा नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीनच रकाने असतात. अर्ज भरणारा शेवटचा शब्द उचलतो आणि युसूफ हे आडनाव होऊन बसते.

यात नुकसान काय, असे आपण विचाराल. व्यक्तीच्या पॅन क्रमांकातील पाचवे अक्षर हे आडनावाच्या रकान्यातील पहिले अक्षर असते. म्हणून एका भावाच्या पॅनमध्ये ‘एस’, तर सख्ख्या भावाच्या पॅनमध्ये ‘वाय’ येऊ शकतो. २०१७ साली आलेल्या जीएसटीच्या १५ अक्षरी क्रमांकात महाराष्ट्राच्या २७ या आकड्यानंतर हाच पॅन असतो आणि नोंदणीत नावही पॅनशी ताडून पाहिले जाते. आधारवर मात्र संपूर्ण नाव एकाच रकान्यात असते. संगणक अर्थ पाहत नाही, अक्षरे जुळवतो. ‘मो.’ आणि ‘मोहम्मद’ आपल्याला एक, त्याला दोन. शेखचे इंग्रजी स्पेलिंग बदलले तरी तेच.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. दक्षिणेत अनेकांना आडनावच नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांवर निर्बंध घातले, तेव्हा अशांची धांदल उडाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही आले. आता भाग चार आणि रकाने तीन!

तेव्हा व्यापारी बंधूंनी एवढे करावे. घरातील सर्वांची कागदपत्रे एकत्र मांडून पाहावीत. नावाचा एकच क्रम, एकच स्पेलिंग ठरवावे. पॅनच्या अर्जात आद्याक्षरे चालत नाहीत, नाव पूर्ण लिहावे. पॅनवरील नाव दुरुस्त केले तरी क्रमांक तोच राहतो. आधारवरील नाव मात्र साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तेथे घाई नको.

आपल्या दुकानाच्या संगणकावर उधारीची नोंद ठेवताना गिऱ्हाइकाचे नाव तो सांगेल तसे, एकाच रकान्यात घ्यावे. जो त्रास आपल्याला होतो, तो आपण दुसऱ्याला का द्यावा?