देर्झाविनचा कान आणि जळगावचा ठोंबरे

इल्या रेपिनच्या एका चित्रात पंधरा वर्षांचा पुश्किन कविता म्हणतो आहे. निळा गणवेश, लाल कॉलर, एक हात उंचावलेला. प्रसंग ८ जानेवारी १८१५ चा, त्सारस्कोये सेलोच्या शाळेतल्या परीक्षेचा. चित्र मात्र १९११ चं, त्या शाळेच्या शताब्दीच्या निमित्ताने काढलेलं. रेपिनचा जन्मच १८४४ चा, तेव्हा हा सगळा देखावा त्याने मनाने उभा केला.

नजर आधी पोरावर जाते, पण खिळते ती समोरच्या म्हाताऱ्यावर. तो देर्झाविन, रशियाचा तेव्हाचा ज्येष्ठ कवी, वय ७१. परीक्षा ऐकून तो पेंगुळला होता, असं पुश्किननेच लिहून ठेवलं आहे. चित्रात मात्र तो जागेवरून उठतो आहे. हात कानाशी नेलेला, एकही शब्द सुटू नये म्हणून. कविता संपल्यावर त्याला त्या मुलाला मिठीत घ्यायचं होतं, पण पोरगा केव्हाच पळाला होता. पुढच्याच वर्षी देर्झाविन गेला. मला या चित्राचा खरा विषय तो कान वाटतो.

जामनेरहून नेरी ओलांडून जळगावला निघालेल्या माणसाला असाच एक प्रसंग आठवायला हवा. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने सैन्यातले डॉक्टर, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मनाने कवितेचे. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. त्यांच्यासमोर धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणायला उभा राहिला. कीर्तिकरांनी ऐकलं आणि त्याला ‘बालकवी’ म्हटलं. हेच नाव पुढे महाराष्ट्राने उचललं, इतकं की ‘ठोंबरे’ आता सांगावं लागतं.

ऐकणारे पुढेही भेटले. कवी रेव्हरंड टिळकांनी त्याला घरच्यासारखं जवळ केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो हट्टी, हळवा ठोंबरे अजून वावरतो. आयुष्य मात्र तोकडं निघालं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. वय अवघं २७. जळगाव-भुसावळ गाडीत बसणाऱ्या किती जणांना भादली येताच हे आठवत असेल?

खान्देशात चित्रकारांची वाण नाही; चाळीसगावचे केकी मूस याच मातीत राबले. तेव्हा इथल्या कलाशिक्षकांना आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: १९०७ चं ते संमेलन मोठ्या कॅनव्हासवर आणा. पागोटी, उपरणी, उन्हाळलेला मांडव, जे सुचेल ते मांडा. रेपिननेही तेच केलं. फक्त कीर्तिकरांचा चेहरा काढताना घाई करू नका, आणि चित्र पुरं झालं की ते जामनेरच्या एखाद्या शाळेत लावा, जिथे मुलं कविता पाठ म्हणतात.