जानेवारीतलं आईस्क्रीम आणि माळ्यावरचा पॉट

मागच्या एपिसोडच्या शेवटी मी सहज बोलून गेले की आमच्याकडे थंडीतसुद्धा घरी आईस्क्रीम होतं. त्यावर इतके व्हॉइस नोट आले की आजचा अख्खा एपिसोड त्यावरच करावा लागला. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच: "ताई, फ्रीजरमध्ये आईस्क्रीम लावलं की त्यात बर्फाचे खडे का होतात?" उरलेल्या निम्म्यांचा: "थंडीत? घरचे ओरडत नाहीत?" दोन्हींची उत्तरं देते. प्रवासात ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहूनही ठेवलंय.

आधी दुसरा प्रश्न. ओरडतात ना, का नाही ओरडणार!

आमचं घर साताऱ्याचं. आजोबांच्या वेळचा आईस्क्रीमचा पॉट आमच्याकडे आहे. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर हँडल. दर मे महिन्यात आत्या, काका, सगळी भावंडं जमली की तो एकदा माळ्यावरून खाली यायचा. हापूसचं आईस्क्रीम व्हायचं आणि पॉट पुन्हा वर्षभरासाठी माळ्यावर. आजोबा गेले ते नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर आजीचं जेवण हळूहळू इतकं कमी झालं की आई रोज रात्री तिच्या ताटाकडे बघून गप्प बसायची. दीड पोळीची अर्धी, अर्धीची चतकोर. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. जानेवारीत एका संध्याकाळी दारावर स्ट्रॉबेरीवाला आला तेव्हा आजी एकदम म्हणाली, "याचं आईस्क्रीम करा की रे."

बाबा म्हणाले, "आई, थंडी बघ केवढी आहे. सर्दी होईल तुला."

आजी म्हणाली, "झाली तर झाली. मला कुठं परीक्षेला बसायचंय?"

त्या रविवारी पॉट जानेवारीत पहिल्यांदा खाली आला. आजीने वाटीभर खाल्लं, आणि नंतर अर्धी पोळी मागून घेतली. तेव्हापासून आमच्याकडे महिन्यातून एक रविवार आईस्क्रीमचा असतो. बारा महिने.

सर्दीचं म्हणाल, तर सर्दी विषाणूंमुळे होते, आईस्क्रीममुळे नाही. घसा आधीच धरला असेल किंवा दमा असेल तर थंड खाऊन त्रास वाढू शकतो, तेव्हा तिथे जपायचं. पण हा वाद आजचा नाही बरं का. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने बर्फ मुंबईला यायला लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आईस्क्रीम ठेवलं, आणि मग यजमानांना नि पाहुण्यांना सर्दी झाल्याचं मुंबई समाचारने छापलं, असं सांगतात. म्हणजे बाबांची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

आता खड्यांकडे येऊ. आईस्क्रीम म्हणजे नुसतं गोठलेलं दूध नव्हे. त्यात चार गोष्टी एकत्र असतात: बर्फाचे बारीक बारीक कण, फॅट, हवा आणि न गोठलेला साखरेचा दाट पाक. बर्फाचे कण साधारण ५० मायक्रॉनच्या वर गेले, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीएवढे झाले, की जिभेला रवाळ लागायला लागतात. दूध जितकं सावकाश गोठेल तितके कण मोठे. फ्रीजरमध्ये डबा ठेवला की त्याच्याभोवती असते हवा, आणि हवा उष्णता वाहून नेण्यात एकदम आळशी. दूध तिथे तासन् तास स्थिर पडून राहतं आणि कण निवांत वाढत बसतात. झाले खडे!

पॉटमध्ये याच्या उलट होतं, आणि ती करामत मिठाची. शाळेत शिकलेलो असतो आपण, पण हाताला गार लागल्याशिवाय पटत नाही. मीठ स्वतः गारवा तयार करत नाही. मीठ घातलं की बर्फ शून्य अंशाच्या खालीसुद्धा वितळायला लागतो. वितळायला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नाही. १ किलो बर्फाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच १ किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. एवढी उष्णता बर्फ आणणार कुठून? पत्र्याच्या डब्यातून, म्हणजे तुमच्या दुधातून. पत्रा उष्णता पटकन जाऊ देतो आणि बाहेरची लाकडी बादली खोलीची उष्णता आत येऊ देत नाही. मीठ-बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी एवढं सहसा होत नाही, पण उणे दहाच्या खाली गेलं तरी काम होतं. डब्याच्या कडेला दूध गोठलं रे गोठलं की आतली पाती ते खरवडून मध्ये ढकलते, वर हवाही मिसळते. कण मोठे व्हायला वेळच मिळत नाही. हँडलच्या या यंत्राचं पेटंट १८४३ साली अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईने घेतलं. आमच्या पॉटची मूळ कल्पना तीच.

आता कृती. १ लिटर फुल क्रीम दूध घ्या. त्यातलं वाटीभर गार दूध बाजूला काढून त्यात २ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर कालवा. बाकीचं उकळा, दीडशे ग्रॅम साखर घाला, कालवलेलं दूध ओता आणि चमच्याच्या पाठीवर थर राहील इतकं दाट होऊ द्या. गार झाल्यावर घरची साय, साधारण २०० ग्रॅम, मिक्सरमधून एकदाच फिरवून घाला. जास्त फिरवली तर लोणी निघेल, मग पोळीला लावून खा. हे मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. कोमट दूध पॉटमध्ये ओतणं म्हणजे अर्धा बर्फ नुसता दूध गार करण्यात घालवणं.

बर्फ साधारण ५ किलो आणि जाडं मीठ १ किलो. बारीक मीठ नको, ते लगेच विरघळून तळाला बसतं. लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडायची, मग बर्फाचा थर, मिठाचा थर, पुन्हा बर्फ. डबा दोनतृतीयांशच भरायचा, कारण हवा शिरून आईस्क्रीम फुगतं. मग हँडल. पहिली दहा मिनिटं अगदी हलकं जातं, तेव्हा लहान पोरांना द्यायचं. आमच्याकडे प्रत्येकाचे शंभर फेरे, मोठ्याने मोजायचे, आणि काकांचा मुलगा ऐंशीनंतर थेट शंभर म्हणतो हे सगळ्यांना माहीत आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी हँडल जड होतं. तेव्हा पॉट हलू नये म्हणून बाबा त्यावर घडी घातलेलं पोतं टाकून बसतात आणि काका फिरवतात. अगदी फिरेनासं झालं की थांबा, पाती काढा, नवा बर्फ-मीठ भरा, वर गोणपाट टाका आणि तासभर हात लावू नका. हा तासच सगळ्यात कठीण.

इथे माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्याच वर्षी मी घाईघाईत झाकण न पुसता उघडलं आणि कडेचं खारं पाणी आत गेलं. १ लिटर सीताफळ आईस्क्रीम, तासभर बसून आईने काढलेला गर, सगळं मोरीत. नुसतं खारट झालं म्हणून नाही. कारखान्यातून आणलेली लादी बरेचदा खाण्याची नसते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अशा बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आला, तो याचसाठी. असा बर्फ डब्याच्या बाहेर असला तर ठीक, पण त्याचा एक थेंब आत गेला तर फेकून द्यायचं. तेव्हा बादलीतल्या पाण्याची पातळी झाकणाच्या खालीच ठेवा आणि उघडण्याआधी झाकण ओल्या फडक्याने नीट पुसा. आई त्या दिवशी मला काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

तुमच्याकडे पॉट नसणार, माहीत आहे मला. हॉस्टेलवर किंवा फ्लॅटवर असाल तर दोन झिपच्या पिशव्या पुरतात. लहान पिशवीत कपभर गोड दूध-साय, घट्ट बंद. मोठ्या पिशवीत बर्फ आणि पाच-सहा चमचे मीठ. लहान पिशवी मोठीत टाकायची आणि टॉवेलमध्ये धरून दहा मिनिटं हलवायची. टॉवेल विसरू नका, उघड्या हाताने धरलं तर कातडीला गारठ्याने इजा होते. फ्रीजरमध्येच करायचं असेल तर पसरट डबा घ्या आणि दर पाऊण तासाने काट्याने खरवडून चांगलं फेटा, असं तीन-चार वेळा. म्हणजे पातीचं काम तुमच्या हाताने. व्हिप्ड क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क मिसळून गोठवतात तेही चांगलं लागतं, कारण फेटताना हवा आधीच आत जाते. फक्त पाकीट वाचा: २५ टक्के फॅटची साधी क्रीम नीट फेटली जात नाही, आणि 'नॉन डेअरी' लिहिलेली क्रीम वनस्पती तेलाची असते. दुकानातल्या पाकिटावरही बघा, 'आईस्क्रीम' आणि 'फ्रोझन डेझर्ट' हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्या नियमांप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये निदान १० टक्के दुधाचं फॅट लागतं, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं.

वर्षाचं म्हणाल तर फळ ठरवतं. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आम्हाला जवळ पडते. ती तशीच घातली तर तिच्यातलं पाणी गोठून दातावर खडे येतात, म्हणून साखरेबरोबर आटवून घ्यायची, जॅमच्या थोडं अलीकडे. दूध आणि फळ दोन्ही गार झाल्यावरच मिसळायचं, नाहीतर फाटतं. मार्चमध्ये चिकू. एप्रिल-मेमध्ये आंबा, त्याबद्दल मी काय सांगणार! जूनमध्ये जांभूळ: गर काढायला जीव जातो, पण रंग असा की पोरं आधी फोटो काढतात. अननस कच्चा कधीच घालू नका. त्यातल्या एन्झाइममुळे दूध कडू होतं, शिजवला की तो निकामी होतो. सीताफळाचं बरोबर उलट, गर शिजवला की कडवटपणा येतो, म्हणून तो कच्चाच, शेवटी घालायचा.

श्रावणात आमच्याकडे वाद झाला होता. आजीचा सोमवार आणि उपवासाला कॉर्नफ्लोअर चालत नाही. मग दूधच आटवून निम्म्यावर आणलं, वेलदोडा घातला. खरं तर ती कुल्फीच झाली असती, पण कुल्फी फिरवत नाहीत, आम्ही फिरवली. कोजागरीला मसाला दूध मुद्दाम लिटरभर जास्त करतो, उरलेलं दुसऱ्या दिवशी पॉटमध्ये. डिसेंबरात पेरू, आणि वरून चिमूटभर तिखट-मीठ. हसू नका, करून बघा.

एक गोष्ट मात्र आम्हाला सोडवता आली नाही. आजीला डायबेटिस आहे. मागच्या वर्षी मी मोठ्या हौसेने साखर एकदम कमी करून बघितली. दुसऱ्या दिवशी सुरी लागली कापायला! साखर फक्त गोडीसाठी नसते, ती आईस्क्रीमला दगड होऊ देत नाही. मग गूळ आणि खजूर झाले. पण गूळ-खजूर चालतात हा निव्वळ गैरसमज आहे, रक्तातली साखर त्यांनीही वाढते. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जेवणानंतर आणि मोजून. आता आजीची वाटी म्हणजे आमच्या बाळाची चांदीची वाटी, दोन चमचे मावतात. ती ते दोन चमचे वीस मिनिटं खाते. एका रविवारी मी बघितलं, तिसरा चमचा बाबांनीच हळूच घातला, जे जानेवारीत सर्दीला घाबरले होते. आईने बघून न बघितल्यासारखं केलं.

या रविवारी चिकू आहेत. लादी सांगून झालीये, मीठ आणायचं राहिलंय. पहिले शंभर फेरे माझे, आणि मोजणार आजी, कारण तिच्यापुढे काकांचा मुलगासुद्धा ऐंशीनंतर एक्क्याऐंशीच म्हणतो. तुमच्याकडे काय झालं, खडे आले की नाही आले, व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला.