टीबीच्या गोळ्या मध्येच सोडू नका : घरच्यांनी काय करावे?

टीबीची औषधे सुरू झाली की काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. नेमके याच वेळी अनेक रुग्ण गोळ्या थांबवतात. पण तोवर काही जंतू शरीरात सुप्त राहिलेले असतात आणि ते मरायला वेळ लागतो. म्हणून साध्या टीबीचा उपचारही किमान ६ महिने चालतो : पहिले २ महिने चार औषधे, पुढचे ४ महिने तीन. औषधे मध्येच सोडली तर आजार उलटू शकतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

कामासाठी गाव सोडताना

कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळीत उपचार सुरू झाला, तर जवळजवळ सगळा कोर्स भट्टीवरच घ्यावा लागतो. निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा. तुमची निक्षय नोंद देशात कुठेही चालते, त्यामुळे नव्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मोफत मिळतात. नोंदणी क्रमांक जवळ ठेवा.

शिळफाटा, खोपोली भागात पाळीत काम करणाऱ्यांनी किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी गोळीची वेळ घड्याळाऐवजी रोजच्या एखाद्या सवयीशी जोडावी, उदाहरणार्थ झोपून उठल्यावर.

घरच्यांनी काय करावे?

• रोज समोर गोळ्या घ्यायला लावणारा एक माणूस ठरवा. पाकिटावर खूण करा.
• एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या देऊ नका. दवाखान्यात कळवा.
• लघवी नारिंगी-लाल झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे.
• डोळे पिवळे दिसणे, सतत उलट्या होणे किंवा नजर धूसर होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• दारू पूर्ण बंद. या गोळ्यांसोबत ती यकृताला घातक ठरते.
• ताट-वाटी वेगळी करू नका, टीबी भांड्यांतून पसरत नाही. मात्र घरातील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या.

आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपयांप्रमाणे मदत बँक खात्यात मिळते. शंका असल्यास १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा. गोळ्या कधी थांबवायच्या, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील.