साइट उघडत नाहीये? आधी घड्याळ बघा!

शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरायचाय, मुदत संपत आलीय आणि घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर नुसता एरर दाखवतोय. मग काय, राउटर बंद-चालू, कॉम्प्युटर रिस्टार्ट आणि शेवटी शिंदखेड्यातल्या सायबर कॅफेत रांग, नाहीतर थेट दोंडाईचा गाठायचं. थांबा भो! स्क्रीनवर जे इंग्रजीत आलंय, ते आधी नीट वाचा. बिघाड कुठे आहे, हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

दोष कोणाचा?

मोबाइल डेटा बंद करून फोन घरच्या वायफायला जोडा आणि तीच साइट उघडा. उघडली, तर गडबड कॉम्प्युटरमध्ये. नाही उघडली, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. आता उघडली, तर राउटर किंवा नेटवाल्याकडे प्रॉब्लेम आहे. दोन्हीकडे अडली आणि बाकी साइट चालतायत, तर बहुतेक ती साइटच बसलीय.

एरर काय म्हणतोय?

क्रोमचा डायनोसॉर दिसला, तर कॉम्प्युटरपर्यंत नेटच येत नाहीये. केबल आणि वायफाय तपासा. लाइट जाऊन आली असेल, तर राउटरला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं द्या.

'एनएक्सडोमेन' आलं, तर साइटचा पत्ता सापडला नाही. आधी स्पेलिंग बघा. ते बरोबर असेल, तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस बदलून 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 टाका.

'टूक टू लाँग टू रिस्पॉन्ड' म्हणजे पलीकडून उत्तरच येत नाहीये. शेवटच्या तारखेला सगळे एकदम तुटून पडले की असं होतं. रात्री उशिरा किंवा पहाटे करून बघा.

खरी गंमत घड्याळाची

'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' दिसलं की आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख 2009 झाली असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही!

तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक 'सीआर 2032'. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो संपतो आणि लाइट गेली की तारीख मागे जाते. तारीख-वेळ हाताने दुरुस्त करा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा. पुन्हा तेच झालं, तर सेल बदला. त्याआधी प्लग काढायला विसरू नका.

तारीख बरोबर असूनही इशारा येतोय? मग 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन 'प्रोसीड' दाबायचा मोह आवरा. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये आधार आणि बँकेची माहिती असते, ती चुकीच्या हातात जायला नको. पत्ता पुन्हा तपासा, दुसऱ्या नेटवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा.

घरी अजून विंडोज 7 आहे? मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच थांबवला आणि क्रोमही त्यावर 109 व्या आवृत्तीपुढे जात नाही. अशा कॉम्प्युटरवर फॉर्म भरणं टाळलेलंच बरं.

आणि हो, काहीच जमलं नाही, तर एररचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात 'साइट चालत नाही' एवढंच सांगण्यापेक्षा तो दाखवलेला चांगला.