ड्रमसेटची उंची ठरते ती स्टुलापासून

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी देहूरोडवरून निगडी-आकुर्डीच्या वाटेला लागते, तेव्हा दिंडीतील पखवाजवादकांच्या गळ्यातील पट्ट्यांकडे लक्ष द्यावे. प्रत्येकाच्या पट्ट्याची लांबी निराळी असते. कोपर फारसे न उचलता दोन्ही तळवे पुड्यांवर पडावेत, अशा बेताने कोणी तो आवळलेला असतो, तर कोणी सैल सोडलेला असतो. पंढरपूरपर्यंत चालत वाजवायचे असल्याने ही गोष्ट फारशी शिकवावी लागत नाही. पट्टा चुकला की खांदाच ते सांगतो. पुण्यातील ढोल-ताशा पथकांतही कमरेला ढोल नीट बांधणे हा वादनाच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो.

ड्रमसेट अंगावर बांधला जात नाही, तो जमिनीवर उभा असतो. त्यामुळे वाद्य शरीराला जुळवून घेण्याऐवजी मांडलेल्या वाद्याला शरीर जुळवून घेते. देहूरोडसारख्या लष्करी छावणीच्या गावात नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. अशा गावांत चर्चमधील गायन, शाळेचे स्नेहसंमेलन, हौशी ऑर्केस्ट्रा अशा निमित्ताने एकाच ड्रमसेटवर अनेक जण बसतात. आधीचा वादक सहा फुटी आणि नंतरचा बारा वर्षांचा, तरी मांडणी तीच राहते. मग कुणाचे मनगट दुखते, कुणाची कंबर धरते आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा दोष हाताचा नसतो, स्टँडच्या एका सैल न केलेल्या स्क्रूचा असतो.

आजची मांडणी कोणी एकदा विचारपूर्वक ठरवलेली नाही, ती गरजेतून घडत गेली आहे. पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल, लहान ड्रम आणि झांजा वाजवणारे लोक वेगवेगळे असत. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने चालणारे उपयुक्त पेडल बाजारात आणले आणि एकच माणूस बसून दोन-तीन वाद्ये वाजवू लागला. पायाने मिटणाऱ्या दोन झांजा, म्हणजे हाय-हॅट, प्रारंभी घोट्याच्या उंचीवर होत्या. १९२०च्या दशकात त्यांची दांडी लांबवण्यात आली आणि त्या हाताच्या टप्प्यात आल्या. डाव्या हातात स्टिक आडवी, अंगठ्याच्या बेचक्यात धरण्याची जुनी पद्धत तर थेट लष्करातून आली आहे. संचलनात सैनिकाच्या खांद्यावरून डाव्या बाजूला लटकणारा ड्रम तिरका राही. त्या तिरकेपणाला सोयीची अशी ती पकड. जॅझच्या जुन्या छायाचित्रांत स्नेअर ड्रम तिरका दिसतो, त्याचे मूळ तेथे आहे. दोन्ही स्टिक सारख्याच धरणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने केवळ छायाचित्र पाहून तसा तिरका ड्रम ठेवण्यात अर्थ नाही.

मांडणीचा आरंभ स्नेअरपासून नव्हे, बैठकीपासून करावा. ड्रमवादकांच्या भाषेत या स्टुलाला ‘थ्रोन’, म्हणजे सिंहासन म्हणतात, आणि तो मान त्याला शोभतो. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती असावी; कंबरेचे सांधे गुडघ्यांपेक्षा थोडे वर असावेत. स्टूल याहून खाली असेल तर गुडघे वर येतात, ओटीपोट मागे कलते आणि पाठीच्या खालच्या भागाला पोक येतो. शिवाय पेडलच्या प्रत्येक ठोक्यासाठी मांडी अधिक उचलावी लागते. तासाभराच्या वादनात असे ठोके हजारांच्या घरात जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे संध्याकाळी कंबर का धरते, याचे कोडे उरत नाही. उलट स्टूल फार उंच असेल तर पायांना आधार मिळत नाही आणि शरीर पुढे झुकते.

सरावासाठी प्लास्टिकची खुर्ची ओढून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. तिची बैठक मागे उतरती असते, उंची बदलता येत नाही आणि हात तिच्या दांड्यांना अडतात. नवा सेट घेताना बहुतेकांचा पैसा चकचकीत झांजांवर खर्च होतो आणि स्टूल सर्वांत स्वस्त घेतले जाते. खरे तर हा क्रम उलटा असायला हवा.

स्टूल ठरले की समोर काहीही नसताना त्यावर बसावे, डोळे मिटावेत आणि पाय सहज पडू द्यावेत. बहुतेकांचे पाय थोडे बाहेरच्या बाजूला फाकतात. पाय जेथे टेकले तेथे पेडल आणावीत. त्यामुळे बेस ड्रम श्रोत्यांकडे सरळ न पाहता जरासा उजवीकडे वळलेला दिसेल. त्यात काही बिघडत नाही.

स्नेअर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये यावा. त्याची कड मांडीपेक्षा दोन-तीन बोटे उंच असावी. कडेवर आणि पडद्यावर एकाच वेळी प्रहार करताना हात मांडीवर आपटू नये, एवढे अंतर पुरते. खांदे सैल सोडून, कोपरे बरगड्यांजवळ लोंबती ठेवून स्टिकचे टोक पडद्याच्या मध्यावर ठेवून पाहावे. हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर किंवा अगदी थोडा उतरता असावा. मनगट वर मोडावे लागत असेल तर ड्रम उंच आहे. पाठ वाकवावी लागत असेल तर तो खाली आहे किंवा दूर आहे.

हाय-हॅट स्नेअरपेक्षा साधारण वीतभर उंच लागते, कारण उजवा हात डाव्या हातावरून तिच्यापर्यंत जातो. अंतर कमी पडले की स्टिकवर स्टिक आपटते. ते फार वाढले की खांदा उचलला जातो आणि पुढे मान आखडते. टॉम वादकाकडे किंचित झुकलेले असावेत. फार झुकवले तर स्टिकचे टोक पडद्यात रुतून खळगे पडतात. झांजांच्या बाबतीत रंगमंचावरील दिमाखाचा मोह आवरावा. डोक्याच्या वर टांगलेली झांज दुरून रुबाबदार दिसते खरी, पण प्रत्येक प्रहाराला सबंध हात वर न्यावा लागतो.

लहान मुलांची अडचण वेगळी आहे. प्रचलित बेस ड्रम बावीस इंची, म्हणजे सुमारे छप्पन्न सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यावर बसवलेले टॉम मुलाच्या हनुवटीपाशी येतात. मग स्टूल वर करावे तर पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि खाली घ्यावे तर हात वर जातात. अशा वेळी स्टूल पायांच्या हिशेबाने ठेवावे आणि वरचा एक टॉम सरळ काढून टाकावा. उरलेला वेगळ्या स्टँडवर बाजूला, स्नेअरच्या जवळ आणावा. सोळा किंवा अठरा इंची बेस ड्रमचा सेट मिळाला तर उत्तमच. इलेक्ट्रॉनिक सेटवरही पॅड चौकटीवर वर-खाली सरकवता येतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

या मापांना सणसणीत अपवाद आहे तो त्रिलोक गुर्टू यांचा. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे पुत्र १९५१ मध्ये मुंबईत जन्मले आणि तबल्याच्या संस्कारात वाढले. जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीतून जगभर वादन करताना त्यांनी स्टूलच बाजूला ठेवले. ते जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून वाजवतात. ड्रम, झांजा, तबला आणि पाण्याची बादली, सारेच त्या बैठकीच्या उंचीवर उतरलेले असते. तथापि त्यांच्याही मांडणीचा आरंभ बैठकीपासूनच होतो. बैठक जमिनीवर आली, म्हणून वाद्ये खाली आली. बैठक न बदलता कोणी केवळ त्यांच्याप्रमाणे झांजा खाली घेतल्या, तर त्याच्या वाट्याला फक्त वाकणे येईल.

मांडणी झाल्यावर दहा मिनिटे सावकाश ताल वाजवावा आणि शेजारच्या कोणाला बाजूने भ्रमणध्वनीवर चित्रण करू द्यावे. खांदा कोणत्या क्षणी वर जातो, पाठ केव्हा वाकते, ते वादकाला वाजवताना कळत नाही. चित्रात लगेच दिसते. बोटांना मुंग्या येणे किंवा मनगटातील दुखणे चार-आठ दिवसांत न थांबल्यास मात्र स्क्रू फिरवत न बसता डॉक्टरांकडे जावे.

सेट सामायिक असेल तर एक साधी युक्ती उपयोगी पडते. प्रत्येकाने टेपने आपल्या स्टुलाची, स्नेअरची आणि हाय-हॅटची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहावी, आणि सतरंजीवर स्टँडच्या पायांच्या जागी आपापल्या रंगाची चिकटपट्टी लावावी. बदल करायला पाच मिनिटे पुरतात. वाढत्या वयाच्या मुलाचे माप दर तीन-चार महिन्यांनी नव्याने घ्यावे लागेल, तेव्हा त्याची नोंद पेन्सिलीने केलेली बरी.