एकाच पिल्लाची आई : भूमध्य समुद्रातील सैतान पाकट

माशांचा संसार म्हटला की असंख्य अंडी आणि बेफिकीर मातापिता हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. भूमध्य समुद्रातील ट्यूना माशाची मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडते आणि मागे वळूनही पाहत नाही. त्यांतील मोजकी पिल्ले जगली तरी वंश चालू राहतो. परंतु त्याच समुद्रात या रीतीच्या अगदी उलट वागणारा एक मासा आहे. त्याची मादी एका वेळी केवळ एकाच पिल्लाला जन्म देते.

हा मासा पाकटाच्या कुळातला. मुशी आणि पाकट यांच्या अंगात हाडे नसतात; त्यांचा सांगाडा कूर्चेचा असतो. बॉनातेर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1788 साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दिसणारे पर असल्यामुळे इटलीच्या कोळ्यांनी त्याला ‘समुद्रातला सैतान’ असे नाव दिले. नाव भयंकर असले तरी प्राणी निरुपद्रवी आहे. पंखांचा विस्तार तीन मीटर किंवा त्याहूनही अधिक. पण त्याचे अन्न म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव आणि लहान मासे. ती शिंगे भक्ष्य तोंडाकडे वळविण्याच्या कामी येतात.

या माशांत गर्भधारणा मादीच्या शरीरातच होते. नराच्या मागील परांजवळ दोन लांबट अवयव असतात. त्यांना ‘आलिंगक’ म्हणतात. मीलनाच्या वेळी नर मादीचा पर तोंडात धरतो आणि आलिंगकाच्या द्वारे वीर्य मादीच्या शरीरात पोहोचवितो. मादीच्या दोन अंडाशयांपैकी डावेच कार्य करते आणि गर्भही डाव्या गर्भाशयातच वाढतो.

आरंभी अंड्यातील बलक हेच गर्भाचे अन्न असते. तो बलक संपत आला की खरी नवलाची गोष्ट सुरू होते. गर्भाशयाच्या आतील अस्तरावर केसांसारखे असंख्य तंतू असतात आणि त्यांतून स्निग्ध, पौष्टिक असा दुधासारखा रस पाझरतो. या माशात सस्तन प्राण्यांप्रमाणे वार नसते; नाळेने गर्भ आईला जोडलेला नसतो. तरीही आईच्या शरीरातून सत्त्व त्याला मिळत राहते, ते या ‘गर्भाशयातील दुधा’मुळे. आपले रुंद पर अंगाभोवती गुंडाळून गर्भ त्या रसावर वाढतो. जन्मास येताना त्याच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास असतो. असे पिल्लू जन्मताच पोहू लागते. त्याला शिकविण्यासाठी वा सांभाळण्यासाठी आईला थांबावे लागत नाही.

निसर्गाने येथे संख्येऐवजी सिद्धतेवर भर दिला आहे. मोठ्या आकाराच्या पिल्लाला शत्रू थोडे, म्हणून थोड्या पिल्लांवरही वंश टिकतो. हा हिशेब हजारो वर्षे बिनचूक चालला. तो बिघडविला माणसाच्या जाळ्यांनी. ट्यूना आणि तलवारमासा पकडण्यासाठी टाकलेल्या लांबच लांब जाळ्यांत हा मासा नको असताना सापडतो. पकडलेल्या गाभण पाकटाच्या पोटातील पिल्लू धक्क्याने अकाली बाहेर पडते, असेही पाकटकुळातील अनेक जातींत आढळून आले आहे. अशा वेळी माशाला जिवंत सोडून दिले तरी एक पिढी वायाच जाते.

2013 च्या फेब्रुवारीत गाझाच्या किनाऱ्यावर हे मासे शेकडोंच्या संख्येने पकडले गेले. तेथे तपासलेल्या नरांपैकी बहुतेक वयात आलेले होते आणि त्यांच्या आलिंगकांत वीर्य आढळले. त्यावरून ते मीलनासाठी जमले असावेत, असे संशोधकांचे अनुमान आहे. ज्या स्थळी वंश वाढायचा तेथेच त्याची मोठी हानी झाली. तारलीच्या थव्यातील शेकडो मासे गेले तर ती तूट थोड्याच काळात भरून येते. एका वेळी एकच पिल्लू देणाऱ्या जातीत तीच तूट भरण्यास कित्येक वर्षे लागतात.

संरक्षणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. युरोपीय संघाने 2002 पासून ट्यूना व तलवारमाशांसाठी प्रवाहाबरोबर वाहणारी जाळी वापरण्यास बंदी केली. 2012 साली भूमध्य समुद्राच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने हा मासा जाळ्यात आल्यास तो न ठेवता, शक्य तितका सुखरूप, समुद्रात परत सोडावा असा नियम केला. 2017 साली शास्त्रज्ञांनी असेही दाखविले की हिंदी आणि प्रशांत महासागरांतील, पूर्वी निराळा मानलेला, एक सैतान पाकट याच जातीचा आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ भूमध्य समुद्राचा उरलेला नाही.

नियम कागदावर असतो, जाळे मात्र कोळ्याच्या हातात असते. जाळ्यात आलेला हा ‘सैतान’ पोटात एकुलते एक पिल्लू वाढविणारी आई असू शकते, हे त्या हाताला ठाऊक असेल तर नियमाचे अर्धे काम तेथेच होऊन जाते.