रंजन हाही उपचारच : एका पदव्युत्तर विद्याशाखेची ओळख

प्रतिवर्षी या अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि डायलिसिस यांचे तक्ते आपण वाचता. ते तयार करणे हे माझे काम आहे आणि त्यात चूक राहू नये याची दक्षता मी घेत आलो आहे. तथापि या तक्त्यांत न मावणारी एक गोष्ट रुग्णालयात सदैव असते. ती म्हणजे रुग्णाचा रिकामा वेळ. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरखेपेस सुमारे चार तास यंत्राशी बांधलेला असतो. अर्धांगवायूच्या रुग्णाचा व्यायाम तासाभरात आटोपतो, उरलेला दिवस तो छताकडे पाहत काढतो. वैजापूर, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्यांतून आलेल्या रुग्णाजवळ शहरात बोलायलाही कोणी नसते.

या रिकाम्या वेळासाठी आपण काहीच केले नाही, असे नाही. मुलांच्या कक्षात खेळणी आहेत, पुरुष कक्षात कॅरम आहे, दूरदर्शन संच आहेत, सणावारी भजन होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हा सारा खर्च वर्षानुवर्षे मी ‘किरकोळ खर्च’ या शीर्षाखाली टाकीत आलो. ते शीर्ष चुकीचे होते, असे आता मला वाटते. का वाटते, हे विश्वस्त, देणगीदार आणि हितचिंतक यांच्यापुढे मांडावे यासाठी हा लेखनप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचे एक वयस्कर शेतकरी आपल्याकडे दाखल झाले होते. उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली. हातात रबरी चेंडू दिला तर ते तो खाली टाकून देत. एका एकादशीला कक्षात भजन चालू असता त्यांनी सर्वांबरोबर अभंगाची ओळ म्हटली. शब्द पुरते स्पष्ट नव्हते, पण सूर ठिकाणावर होता. गावच्या भजनी मंडळात ते टाळ वाजवीत, हे त्यांच्या पत्नीने तेव्हा सांगितले. आमच्या एका परिचारिकेने दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती टाळ दिले. जो हात चेंडू धरीत नव्हता, तो टाळ धरू लागला.

यात चमत्कार नव्हता. बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या भागात असतात. गायनाच्या वेळी उजवा भागही मोठा वाटा उचलतो. म्हणून वाचा गेलेला रुग्ण पुष्कळदा गाऊ शकतो. याच निरीक्षणावर आधारलेली स्वरबद्ध उच्चारांची उपचारपद्धती १९७३ साली अमेरिकेतील बोस्टन येथे मांडली गेली. आमच्यापैकी कोणास ती ठाऊक नव्हती. आम्ही कौतुक केले, आणि ठरलेल्या दिवशी रुग्णास घरी पाठविले.

चार-पाच महिन्यांनी ते फेरतपासणीस आले, तेव्हा हात आखडलेला होता, पाठीवर शय्याव्रण होते आणि नजर विझलेली होती. “त्यांना त्रास नको म्हणून आम्ही टाळ उचलून ठेवले, मंडळींनाही येऊ दिलं नाही,” असे मुलाने सांगितले. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. त्याने प्रेमापोटी विश्रांती दिली. टाळ हे औषध आहे, ते रोज किती वेळ द्यायचे, कोणी द्यायचे, हे त्याला आम्हीच सांगितले नव्हते. औषधांच्या चिठ्ठीत सर्व गोळ्या होत्या, टाळ नव्हते. आमच्याकडे सद्भावना होती, शास्त्र नव्हते, हा त्याचा अर्थ.

रंजन आणि रंजनोपचार

हे शास्त्र पाश्चात्त्य देशांत ‘थेराप्युटिक रिक्रिएशन’ किंवा ‘रिक्रिएशनल थेरपी’ या नावाने शिकविले जाते. प्रस्तुत लेखात त्यास ‘रंजनोपचार’ म्हटले आहे. करमणूक आणि रंजनोपचार यांतील भेद, चालणे आणि भौतिकोपचार यांतील भेदासारखाच आहे. कृती एकच असेल. तिच्यामागे निदान, हेतू, मात्रा आणि नोंद असली म्हणजे ती उपचार ठरते.

रंजनोपचाराच्या चार पायऱ्या मानल्या जातात. प्रथम मूल्यमापन : रुग्णाची शारीरिक व मानसिक क्षमता किती, आणि आजारापूर्वी त्याला कशात गोडी होती. दुसरी पायरी नियोजन : कोणत्या छंदातून कोणती क्षमता वाढवायची. तिसरी अंमलबजावणी आणि चौथी फलनिश्चिती, म्हणजे ठरविल्याप्रमाणे फरक पडला की नाही याची लेखी नोंद. शेवटची पायरी नसेल तर पहिल्या तीन पायऱ्यांना हिशेबात जमेची बाजूच नाही, हे माझ्यासारख्या लेखापालाच्या मनास चटकन पटते.

कॅरोल पीटरसन व स्काउट गन या अभ्यासकांनी १९७०-८०च्या दशकांत या सेवेचे तीन भाग सांगितले. पहिला भाग प्रत्यक्ष उपचाराचा : टाळ धरल्याने बोटांची पकड सुधारणे. दुसरा शिक्षणाचा : बदललेल्या शरीरानिशी आपला छंद कसा चालू ठेवावा, हे रुग्णास व कुटुंबीयांस शिकविणे. तिसरा सहभागाचा : रुग्णाने पुन्हा आपल्या मंडळात, आपल्या पारावर जाऊन बसणे. आमच्या त्या रुग्णाच्या बाबतीत पहिला भाग योगायोगाने घडला आणि उरलेले दोन घडलेच नाहीत. जे गमावले, ते त्या दोन भागांत गमावले.

यास आधार काय?

देणगीदारांनी हा प्रश्न विचारणे रास्तच आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशय-शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, त्यांचा रुग्णालयातील मुक्काम विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा कमी होता आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो वर्गीस आणि सहकाऱ्यांनी ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास मांडला, वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला.

येथे सावधगिरीही हवी. ज्यांची बुद्धी तल्लख, तेच बुद्धिबळ अधिक खेळतात, असेही असू शकते. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. शिवाय रंजनोपचार हा औषध वा शस्त्रक्रिया यांस पर्याय नाही. तो त्यांच्या सोबतीने चालावयाचा आहे. नेमके हे तारतम्य शिकविण्यासाठीच उच्च शिक्षणाची आवश्यकता भासते.

आपली परंपरा

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाहबद्ध होऊन १९३०च्या सुमारास भारतात स्थायिक झाल्या आणि कमलाताई निंबकर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातीलच नव्हे, आशियातील ही पहिली शाळा मानली जाते. हातमाग, सुतारकाम, खेळ, घरकाम अशा अर्थपूर्ण कृतींतून रुग्णास पुन्हा उभे करावयाचे, हे व्यवसायोपचाराचे सूत्र. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा आज त्यांचे नाव चालवीत आहे.

आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. कुष्ठमुक्त, अंध व अपंग कलावंत तेथे प्रेक्षकांची दया मागत नाहीत, दाद घेतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नर्तक हृषीकेश पवार यांनी नृत्य शिकविले. पाऊल अडखळते तेथे ताल मदतीस येतो, हे त्या वर्गात अनेकांनी अनुभवले.

पदव्युत्तर शिक्षणाचे मार्ग

अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथील प्रमाणन परिषद १९८१ साली स्थापन झाली. शरीररचना, मानसशास्त्र, अपंगत्वाचे स्वरूप, मूल्यमापन, संशोधनपद्धती आणि विविध रंजनप्रकार हे विषय विद्यार्थ्यास अभ्यासावे लागतात. किमान ५६० तासांची प्रशिक्षण-उमेदवारी आणि लेखी परीक्षा यांनंतर प्रमाणपत्र मिळते. काही विद्यापीठांत पदव्युत्तर पदवीचीही सोय आहे.

आपल्या विद्यार्थ्यास या विषयाकडे तीन वाटांनी जाता येते. पहिली व्यवसायोपचाराची. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठांतर्गत या विषयाचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबई आणि नागपूर ही त्याची जुनी केंद्रे. दुसरी वाट कलांची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’ या संस्थेच्या सहकार्याने नृत्य व हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालविला. तिसरी वाट मानसशास्त्र, वैद्यकीय समाजकार्य किंवा शारीरिक शिक्षण यांत पदव्युत्तर पदवी घेऊन नंतर या विषयात विशेष प्रशिक्षण घेण्याची.

आपल्या शहरापुरते बोलावयाचे तर शिदोरी कमी नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली ‘घाटी’, येथे १९५६ पासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र, मानसशास्त्र व शारीरिक शिक्षण हे विभाग आहेत. एमजीएम परिसरातील ‘महागामी’ गुरुकुलात १९९६ पासून कथक व ओडिसीचे शिक्षण चालते. शेजारीच पैठण, नाथांच्या भारुडांनी जनांचे रंजन करता करता त्यांचे मन निरोगी ठेवले, हे मराठवाड्यास वेगळे सांगावयास नको. वैद्यक एका दालनात आणि कला दुसऱ्या दालनात आहे. या दोन दालनांमधील दार उघडणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी.

कायदा काय म्हणतो?

रुग्णाचे रंजन ही आता केवळ दयाबुद्धीची बाब राहिलेली नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांचा हक्क नमूद आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २० नुसार मानसिक आरोग्य संस्थेतील रुग्णास फुरसत, मनोरंजन आणि शिक्षण यांच्या वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणाऱ्या २०२१ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत कला, नृत्य व हालचाल उपचारकांच्या जोडीने रंजनोपचारकाचाही उल्लेख आहे. या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या शिक्षणासाठी किमान ३,६०० तासांची मर्यादा घातली आहे. म्हणजे उद्या हे काम ‘ज्याला गाता येते तो करील’ अशा तऱ्हेने चालणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्यापुढील निर्णय

यास्तव विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना नम्रपणे मांडतो. एक, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यवसायोपचारकाची पूर्णवेळ नेमणूक करावी आणि रंजनोपचाराची जबाबदारी त्या पदाकडे सोपवावी. दोन, आपल्याच परिचारिका वा समाजसेवकांपैकी एखाद्यास वेतन चालू ठेवून विशेष प्रशिक्षणास पाठवावे. तीन, प्रत्येक दीर्घमुदतीच्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘आवड व छंद’ हा रकाना छापावा आणि घरी सोडतानाच्या पत्रकात त्याविषयी लेखी सूचना द्याव्यात. तिसऱ्या सूचनेस छपाईपलीकडे खर्च नाही. ती लगेच अमलात येऊ शकेल.

पहिल्या दोन सूचनांना पैसा लागेल, हे मी जाणतो. धर्मादाय रुग्णालयात एक पद वाढविणे म्हणजे दुसरीकडे काही कमी करणे, हा ताळेबंदाचा नियम कोणास चुकत नाही. एखादे नवे यंत्र भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी मिरवते. टाळ वाजविणाऱ्या हातावर पाटी लावता येत नाही. म्हणून अशा कामास देणगी मिळणे कठीण, हेही खरे. तरीही एक विचार मांडावासा वाटतो. शय्याव्रणाची मलमपट्टी, आखडलेल्या सांध्यांचे पुढचे उपचार, पुन्हा दाखल होण्याचा खर्च हे सारे आपल्याच पुस्तकात नावे पडते. ते टळले तर त्याची नोंद कोठेच होत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही इतकेच.

पुढील वर्षाच्या जमाखर्चात ‘किरकोळ खर्च’ या शीर्षातून खेळणी, वाद्ये व पुस्तके वगळून ती ‘रुग्णोपचार’ या शीर्षाखाली दाखवावीत, अशी विनंती मी मंडळास केली आहे. रक्कम लहान आहे. पण ती कोठे लिहावयाची, यावरून आपण रुग्णाकडे कसे पाहतो हे ठरते. 

— प्रशासकीय अधिकारी
छत्रपती संभाजीनगर